सांभाळा म्हणाला होता

हसनचाचांच्या पडवीत जी वस्तू उभी असे ती मोटरसायकल आहे, हे नव्या माणसाला चटकन कळत नसे. पुढच्या लेगगार्डवर काथ्याचा दोर गुंडाळलेला, तोही असा की एका वेढ्याला दुसरा वेढा चिकटलेला आणि मधून लोखंड कुठेच दिसत नाही. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना नळीच्या कमानी, त्यांनाही दोर. होडी धक्क्याला घासू नये म्हणून तिच्या कडेला जुने टायर टांगतात, तसे टायरचे कापलेले तुकडे इंजिनाच्या दोन्ही अंगांना बांधलेले. हँडलच्या टोकांना मासेमारीच्या जाळ्याचे दोन पिवळे बोये. आरसे काढून फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलेले. टाकीवर जुन्या रजईची शिवलेली खोळ. पावसाळ्यात या सगळ्याला आणखी एक दोर बांधून त्याचं टोक पडवीच्या खांबाला जाई. वाडीतली पोरं तिला 'चाचांची बोट' म्हणत. चाचांना त्याचा राग येत नसे. ते म्हणत, "बोटच हाय. बुडू द्यायची नाय."

आमची वाडी रत्नागिरीहून पावसकडे जाताना खाडीच्या कडेला लागते. आमचं आणि चाचांचं घर यांच्यामध्ये जांभ्या दगडाचा एक गडगा, कमरेइतका. माझी आई मासे विकायची, वडील दुसऱ्याच्या होडीवर जायचे. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. त्यामुळे चाचांनी माझं नावच 'कॉलेज' ठेवलं होतं. "काय कॉलेज, आज बुट्टी मारलीस?" अशी गडग्यावरून हाक यायची. आज मी तालुक्यातल्या एका हायस्कुलात शिकवतो. विद्यार्थी मला सर म्हणतात. पण चाचांनी मला शेवटपर्यंत कॉलेजच म्हटलं, आणि ते ऐकायला मिळत नाही याची मला अजून सवय झालेली नाही.

चाचांचं आयुष्य मालवाहू बोटींवर गेलं. ते सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. बोटीवर माल बांधायचा, दोर तपासायचे, वादळात काही सुटू द्यायचं नाही, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन घरी आले तरी हात तसेच राहिले. त्यांच्या घरात सुटी वस्तू सापडत नसे. पाण्याची कळशी कट्ट्याला बांधलेली, खिडकीचं दार बांधलेलं, छत्री खुंटीला नुसती अडकवलेली नाही तर गाठ मारून टांगलेली. चाची म्हणायची, "मी एका जागी फार वेळ बसत नाय. मला पण बांधतील." शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी एक छोटा पाना असे. बोलता बोलता ते समोरच्या वस्तूचा नट चाचपायचे. आमच्या घरी चहाला आले की आईच्या खुर्चीचा पाय घट्ट करूनच उठत.

मोटरसायकल मात्र त्यांची नव्हती. ती त्यांच्या मुलाची, इम्तियाजची. आम्ही सगळे त्याला इमू म्हणायचो. तो माझ्याहून थोडा मोठा. बस स्टँडामागच्या एका गॅरेजात कामाला होता आणि आपल्या कमाईतून त्याने ती गाडी घेतली होती. त्याला गाड्यांचं वेड होतं, पण वेगाचं नाही. गाडी खोलायची, पुसायची, जोडायची, तिचा आवाज ऐकायचा, हे त्याचं सुख. आमच्या तिठ्यावर, जिथे पावसचा रस्ता आणि खाडीचा रस्ता मिळतात, तिथे स्वतःचं गॅरेज टाकायचं असं त्याने ठरवलं होतं. जागाही बघून ठेवली होती.

चाचांना ते पसंत नव्हतं. त्यांनी आखातातल्या एका गोदीत ओळखीच्या माणसाकडे शब्द टाकला होता. "रस्त्याच्या कडेला बसून दुसऱ्याची चाकं पुसणार काय तू?" असं ते म्हणाले, ते मी गडग्याच्या अलीकडून ऐकलं. इमू म्हणाला, "तुम्ही आयुष्यभर दुसऱ्याच्या बोटी बांधल्यात." मग त्या घरात बरेच दिवस बापलेकांचं बोलणं बंद होतं. पण आमच्याकडे बापाने शब्द टाकला की तो परत घेण्याची रीत नव्हती. इमूचे कागद आले आणि तो निघाला.

तो निघाला ती सकाळ मला स्पष्ट आठवते, कारण पुढचं सगळं त्या सकाळीच सुरू झालं. वाडीतली बरीच माणसं गाडीवाटेपर्यंत आली होती. रिक्षा उभी होती. इमू आईच्या गळ्यात पडला, त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मग तो वडिलांपुढे उभा राहिला. इमूने खिशातून मोटरसायकलची किल्ली काढली, चाचांच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "सांभाळा."

एवढंच. रिक्षा गेली. चाचा किल्ली मुठीत धरून उभे होते.

त्या दिवसापासून चाचांनी गाडीवर वाडीतल्या कुणाचा हात पडू दिला नाही. तोपर्यंत त्यांना ती चालवताही येत नव्हती. सायकल येत होती, तेवढ्यावर ते पडवीसमोरच्या मोकळ्या जागेत चालवायला शिकले, कारण गाडी नुसती उभी राहिली तर बिघडते असं कुणीतरी सांगितलं होतं. रोज सकाळी ते तिठ्यापर्यंत जाऊन परत येत. वेग इतका कमी की आमचा कुत्रा बरोबरीने चालत जाई. कुणी मजेने म्हटलं, "चाचा, जरा शहरात चक्कर मारून आणा की," तर ते गंभीर होत. "माझी नाय ती. इमूची अमानत हाय. जशी दिली तशी परत करायची."

पहिल्याच पावसाळ्यात ती अमानत पडली. कुणी पाडली नाही. चाचांनी गाडी पडवीबाहेर साइड स्टँडवर लावली होती आणि स्टँडखालची लाल माती पावसाने मऊ झाली होती. स्टँड हळूहळू रुतत गेला आणि दुपारी सगळे जेवत असताना गाडी डाव्या अंगावर आडवी झाली. क्लचची मूठ, म्हणजे बोटांनी दाबायची दांडी, मोडली, डाव्या बाजूचा आरसा फुटला, टाकीच्या कडेला एक लहान ओरखडा आला. आवाज ऐकून मी गडग्यावरून उडी मारून गेलो. चाचा हात धुवायचे विसरून गाडीपाशी बसले होते. भाताची शितं बोटांना तशीच होती. ते म्हणाले, "बघ कॉलेज, वादळ नाय, वारा नाय. उभ्या उभ्या पडली."

मूठ आणि आरसा नवे आले. टाकी खोलून एसटीने रत्नागिरीला नेऊन त्यांनी ओरखडा रंगवून आणला. नंतर तो शोधूनही सापडत नव्हता, पण त्यांचं बोट नेहमी तिथेच जाई. त्यानंतर गार्ड सुरू झाले. पुढचा झाला, मग मागचे, मग दोर, मग टायर, मग बोये. दर वेळी नवं काही लावलं की ते गाडीपासून चार पावलं मागे जात, मान तिरकी करून बघत आणि विचारत, "आता ह्या अंगावर पडली, तर पयलं काय टेकेल?" मी म्हणायचो, "बोया." "मग?" "मग दोर." "आणि मूठ?" "मूठ टेकणारच नाही चाचा." मग ते समाधानाने मान हलवीत. खरंच, त्यांचं काम चोख होतं. गाडी कशीही पडली तरी लोखंडाला जमीन लागू नये, अशी ती व्यवस्था होती.

इमूचा व्हिडिओ कॉल शुक्रवारी यायचा. फोन चाचीचा, पण धरायचे चाचा. पलीकडून "अस्सलामु अलैकुम अब्बा" असा आवाज आला की ते सलामाला उत्तर देत देत पडवीत पोहोचलेले असत. कॉलच्या आधी टाकीवरची खोळ काढून टाकी पुसून ठेवलेली असे. मग फोनचा कॅमेरा गाडीवर. समोरून, डावीकडून, उजवीकडून, मागून.

"हे बघ, चेनला तेल दिलं."

"अब्बा, तुम्ही कसे आहात?"

"मी बरा. हा बघ, टायर. हवा बरोबर हाय."

"अब्बा, तुमचं तोंड दिसत नाहीये."

"माझ्या तोंडाला काय बघतोस? हे बघ, नवीन दोर लावला. जुना कुजत आला होता."

आतून चाचीचा आवाज यायचा, "माझ्या तोंडाला पण दोर गुंडाळा, म्हणजे मला पण दाखवाल!" इमू पलीकडे हसायचा. मग कॉल संपत आला की चाचीच्या हातात फोन येई, आणि तोवर इमूची कामावर जायची वेळ झालेली असे.

एका शुक्रवारी इमूने त्यांना मुठींबद्दल सांगितलं होतं. मी तिथेच होतो. तो म्हणाला, "अब्बा, क्लच आणि ब्रेकची मूठ हँडलला ज्या बोल्टने धरलेली असते ना, तो अगदी आवळू नका. वाईच ढिला ठेवा. हाताने जोर दिला तर फिरेल इतकाच. गाडी पडली की मूठ फिरते, मोडत नाही. घट्ट असली की मोडते."

चाचा हो हो म्हणाले. फोन बंद झाल्यावर खिशातला पाना काढून त्यांनी बोल्ट सैल केला. मूठ हलवून पाहिली. ती हलली. त्यांचा चेहरा पडला. जरा वेळ येरझाऱ्या घातल्या, परत आले आणि बोल्ट पुन्हा आवळला.

"चाचा, इमू काय म्हणाला?"

"त्याला काय म्हायत? बोटीवर ढिली वस्तू ठेवली तर रातभर खडखडते. मला झोप नाय लागायची."

हे पुढेही चालूच राहिलं. गाडी तपासायला घरी येणारा गॅरेजवाला सैल करी, चाचा घट्ट करीत. मला त्याची तेव्हा गंमत वाटायची.

माझ्या बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेच्या वेळची गोष्ट मी कुणालाही सांगताना गंमत म्हणूनच सुरू करतो आणि मग मला ती तशी सांगता येत नाही. त्या दिवशी एसटी बंद होती. वडापच्या जीपा वरूनच भरून येत होत्या, तिठ्यावर थांबत नव्हत्या. आई माझ्याबरोबर रस्त्यावर उभी राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण पेपर चुकला की वर्ष जातं एवढं तिला ठाऊक होतं. तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला. बोये, दोर, टायर अशी सगळी जहाजी थाटातली मोटरसायकल घेऊन चाचा आले. ते कधीही तिठ्याच्या पुढे गेले नव्हते.

"बस कॉलेज."

"चाचा, शहरापर्यंत? इमूची गाडी..."

"बस म्हटलं ना. आणि मला धरू नकोस, मागची कमान धर. माझा तोल जाईल."

तो प्रवास मी विसरणं शक्य नाही. चढणीला मागून ट्रक भोंगा वाजवत होते, चाचा हात दाखवून त्यांना पुढे जायला सांगत होते, जणू आम्हीच वाट अडवून उभे आहोत. प्रत्येक वळणावर ते मोठ्याने सूचना देत, "आता डावीकडे कलणार हां. घाबरू नको," आणि घाबरलेले तेच असत. रस्त्याकडेच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन बघत होती. कॉलेजच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा पेपर सुरू व्हायला अजून थोडा वेळ होता.

फाटकासमोर बांधकामाची खडी पसरलेली होती. मी उतरलो. चाचांनी पाय टेकला आणि तो खडीवरून सरकला. गाडी कलली. मला अजून दिसतं, त्यांना हँडल सोडून बाजूला होता आलं असतं. खूप वेळ होता. पण त्यांनी दोन्ही हातांनी गाडी ओढून धरली, आणि ती थांबत नाही म्हटल्यावर स्वतःचा गुडघा तिच्या खाली दिला. दोघं बरोबरच खाली गेली.

मी आणि फाटकावरचा शिपाई धावलो. गाडी उभी केली. चाचा बसल्या बसल्या बोयांना, दोराला, टाकीला हात लावून बघत होते.

"लागलं का चाचा?"

"नाय, नाय. कुठं काय नाय. खरवड पण नाय." ते गाडीबद्दलच बोलत होते. मग मला म्हणाले, "तू उभा काय राहिलास? जा आत. पेपर काय तुझा बापूस लिवणार?"

मी गेलो. पेपर चांगला गेला. ज्या पदवीवर मला नोकरी लागली, तिच्यातला तो एक पेपर. त्या दिवसापासून चाचांचा उजवा पाय जिना चढताना मागे राहू लागला. विचारलं की म्हणत, "बोटीवरचं जुनं दुखणं हाय." ओढण्याची सवय त्यांना होती. सोडण्याची कधी लागलीच नाही.

इमूला पहिल्या करारानंतर यायचं होतं, पण जमलं नाही. मग आजाराची साथ आली आणि विमानंच बंद झाली. मग मालक बदलला, नवीन करार आला. शुक्रवार येत राहिले, टाकी पुसली जात राहिली. चाचा म्हातारे होत चालले होते, ते आम्हाला रोज दिसत होतं. इमूला गाडी दिसत होती, आणि ती तशीच नवी होती.

मग एका पावसाळ्याच्या शेवटी ते घडलं. अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरलं होतं. चाचा गाडी पुसण्यासाठी पडवीतून बाहेर काढत होते. मागचं चाक शेवाळावर घसरलं. मी तेव्हा शाळेत होतो. चाचीने सांगितलं ते असं: ती ओरडली, "सोडा, सोडा तिला!" पण त्यांनी हँडल सोडलं नाही. गाडी पडली ती नेमकी बोयावर आणि दोरावर, त्यांनी ठरवलं होतं तशीच. आणि ते गाडीच्या पलीकडे, उघड्या चिऱ्यांवर. त्यांचा खुबा मोडला.

दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट मला हीच सांगितली, की गाडीला खरवडसुद्धा आली नाही. चाची पलीकडे तोंड करून बसली होती. ती म्हणाली, "तिला सगळीकडून दोर. ह्यांच्या हाडांना कुठं होता दोर?"

इमू आला. रजा घेऊन, मिळेल त्या विमानाने. तो अंगणात शिरला तेव्हा चाचा पडवीत खुर्चीवर बसले होते, समोर वॉकर होता आणि शेजारी मी होतो. बापलेक गळ्यात पडले. चाचांनी बराच वेळ त्याला सोडलं नाही. मग डोळे पुसून म्हणाले, "जा, बघ. जशी दिलीस तशीच हाय."

इमू गाडीकडे गेला. तो तिच्याभोवती फिरला. दोरावरून हात फिरवला. गॅरेजातला माणूस तो, त्याला ते काम कळत होतं. मग त्याने मूठ हलवून पाहिली. ती हलली नाही. तो वडिलांपाशी आला, त्यांच्या खिशातला पाना काढून घेतला आणि दोन्ही मुठींचे बोल्ट सैल केले. मग गाडी अंगणाच्या मधोमध नेऊन उभी केली.

"अब्बा, इकडं बघा."

आणि त्याने ती सोडून दिली.

चाचा ओरडले. अर्धवट उठले, हात पुढे केलेला. मी त्यांना धरलं. गाडी आडवी झाली. आवाज अगदी साधा आला, चटईवर नारळ पडावा तसा. एकदा हलली आणि बोया, दोर, टायर यांच्यावर टेकून पडून राहिली. इमूने ती उचलली. मूठ जराशी फिरली होती, त्याने हाताने जागेवर आणली. टाकीवर काही नाही, इंजिनावर काही नाही.

"झालं? बघितलंत? काही झालं का तिला?" त्याचा आवाज चढला होता. "पडण्यासाठीच केलंत ना हे सगळं? मग पडू का दिली नाहीत? पडायला लागली की सोडायचं, अब्बा. हात काढायचा आणि बाजूला व्हायचं. गाडी दुसरी मिळते."

चाचांचा हात अजून तसाच पुढे होता. ते हळूहळू खाली बसले.

"तूच सांगून गेलास," ते म्हणाले. "सांभाळा म्हणालास."

इमूला काही कळलं नाही. "कधी?"

"जाताना. किल्ली हातावर ठेवलीस आणि म्हणालास, सांभाळा. दुसरं काय बोलला नायस."

इमू खाली, पायरीवरच बसला.

"गाडीला नव्हतं म्हटलं मी," तो म्हणाला. "तुम्हाला म्हटलं होतं. तुम्हाला दोघांना. तब्येत सांभाळा, असं. भांडण झालं होतं, आणखी काही बोलता येईना. किल्ली खिशात राहिली होती, म्हणून दिली."

त्या सकाळी मीही तिथे होतो, सगळी वाडी होती. सगळ्यांनी तो शब्द ऐकला होता आणि सगळ्यांना वाटलं होतं, की तो गाडीबद्दलच बोलतोय.

सगळ्यांना म्हणजे, एक सोडून. चाची दारात उभी होती. ती म्हणाली, "मला तर तेव्हाच कळलं. तब्येतीचंच सांगत होता पोर. म्हणून मी दुसऱ्या दिवसापासून गोड चहा सोडला."

"मग बोलली का नायस गो?" चाचा म्हणाले.

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्हाला दोर गुंडाळायचा होता."

हसावं की काय करावं, मला कळेना. इमू हसला आणि हसता हसता त्याने तोंड हातांनी झाकलं. नंतर गडग्यापाशी उभं राहून तो मला म्हणाला, "महेश, तुला माहीत आहे, मी शुक्रवारी काय बघायचो? टाकी. ते टाकी पुसून ठेवायचे ना, तर फोन जवळ आणला की तिच्यात त्यांचं तोंड दिसायचं. वाकडं, लांबट. पण दिसायचं. मी मुद्दाम म्हणायचो, अब्बा, टाकी जरा जवळून दाखवा."

इमू रजेभर होता. तेवढ्या दिवसांत बापलेक बरेच बोलले असतील, पण मी ऐकलेलं एकच वाक्य आहे. इमू निघायच्या आदल्या दिवशी चाचा तिठ्याच्या दिशेला बघत म्हणाले, "त्या कोपऱ्यावर गॅरेज बरं चाललं असतं रे. आता केवढ्या गाड्या जातात." इमू म्हणाला, "आता त्याचं काय, अब्बा." आणि बॅग भरायला आत गेला. ती जागा केव्हाच दुसऱ्याने घेतली होती. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे.

तो गेल्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका शुक्रवारी, मी शाळेतून येताना गडग्यावरून डोकावलो. मोटरसायकल पडवीच्या कडेला साध्या स्टँडवर होती, उघडीवाघडी. लेगगार्डवरचा दोर सोडलेला, हँडलचे बोये काढलेले. चाचा खुर्चीत होते. समोरच्या वॉकरच्या दोन्ही मुठींवर काथ्याचा दोर गुंडाळलेला होता, वेढ्याला वेढा चिकटून. खाली पायांना टायरचे तुकडे. वर दोन पिवळे बोये.

मला बघून त्यांनी हात केला, पण बोलले नाहीत, कारण कॉल चालू होता. फोन त्यांनी दोन्ही हातांनी छातीसमोर धरला होता, कॅमेरा आपल्याकडे वळवून, फोटो काढायला बसलेल्या माणसासारखे ताठ. फार जवळ धरला होता. पलीकडे इमूला नाक आणि कपाळच दिसत असणार.

फोनमधून त्याचा आवाज आला, "अब्बा, गाडी कशी आहे? दाखवा की जरा."

"असंल बरी," चाचा म्हणाले. त्यांनी गाडीकडे मान वळवली नाही. "तू हकडे बघ."